कानावर पडेपर्यंत

तांदळाच्या पिंपातून फोन वाजू लागला तेव्हा मी लाल भाजीच्या तिसऱ्या वाफ्यावर होतो. पोफळीच्या विरीने, म्हणजे झावळीच्या खोलगट देठाने, पाणी शिंपत होतो, ती विरी हातातच कलली आणि सगळे पाणी माझ्या पायांवर सांडले. फोन पिंपात ठेवला होता बाबलीने. बाबली म्हणजे माझा चुलतभाऊ. काल संध्याकाळी तो आला, माझ्या हातातून फोन काढून घेतला, स्वयंपाकघरात शिरला आणि कोपरापर्यंत हात घालून त्याने तो तांदळाच्या पार तळाशी पुरला. वर झाकण, झाकणावर पाटा. ‘आता काय्येक आयकाक येवचा नाय,’ म्हणाला. झाकण घट्ट बसले की धूर कोंडतो तसा आवाजही कोंडतो, अशी त्याची समजूत असावी. प्रत्यक्षात पत्र्याच्या पिंपात तो फोन असा घुमत होता की परसातल्या माडावरचे दोन कावळे उठून दगडी गडग्यावर जाऊन बसले आणि माझ्याकडे बघू लागले. मी घंटा मोजल्या. नऊ. माझी बायको विनीता चौथ्या घंटेच्या पुढे कधी थांबत नाही. तेवढ्यात उचलला नाही तर मी मुद्दाम उचलत नाही असे धरून ती फोन ठेवते आणि ते दोन दिवस मनात ठेवते. तिने नऊ घंटा वाट पाहिली म्हणजे नक्की काहीतरी झाले आहे. इथवर विचार आला आणि मी स्वतःला दटावले. घंटा मोजणे हेही एक प्रकारचे ऐकणेच झाले, आणि आज संध्याकाळपर्यंत मला काहीही ऐकायचे नव्हते.

गोष्ट साधी आहे, पण आमच्या भागाबाहेरच्या माणसाला ती सांगताना मला नेहमी घाम फुटतो. माझी सून प्राजक्ता पुण्याला इस्पितळात आहे. दिवस भरायला अजून दहा दिवस होते, पण परवा तिचे प्रेशर वाढले आणि डॉक्टरांनी तिला आधीच दाखल करून घेतले. मुलगा गुरुप्रसाद नोकरीनिमित्त तिकडेच असतो. विनीता आठवड्यापूर्वीच गेली. मी मात्र इथे राहिलो, कारण आज शिमग्याची होळी आणि होळीसमोर गाऱ्हाणे घालायचा मान यंदा आमच्या घराचा. भावकीत बारा घरे, दर वर्षी एक घर, म्हणजे आमची पाळी बारा वर्षांनी येते. मागच्या पाळीला मी मुंबईत होतो, रजा मिळाली नाही, म्हणून बाबलीच्या वडिलांनी आमच्यातर्फे गाऱ्हाणे घातले. त्याच्या मागच्या पाळीला माझे वडील होते. पुढची पाळी येईल तेव्हा मी पंचाहत्तरीला टेकलेला असेन, म्हणजे असलो तर. आता मध्ये येते ते सुवेर. घरात मूल जन्माला आले की भावकीला दहा दिवस सुवेर लागते. देवाला शिवायचे नाही, नारळ वाढवायचा नाही, होळीच्या मांडावर, जिथे होळी उभी करतात तिथे, पाय ठेवायचा नाही. सगळे सुतकासारखे, फक्त तोंडे हसरी. आणि तेही एकट्या माझ्या घराला नाही, बाराही घरांना. पुण्यात माझ्या सुनेच्या कुशीत मूल आले रे आले की इकडे मालवण तालुक्यातली बारा घरे होळीपासून बाजूला होणार आणि मान जाणार वरच्या वाडीतल्या महादूच्या भावकीकडे. ते लोक या मानाकडे तीन पिढ्या डोळे लावून बसले आहेत. महादूचे तर मला तो पाठमोरा असला तरी कळते.

त्यातल्या त्यात एकच सोय आहे. सुवेर लागते ते मूल जन्मल्याच्या क्षणी नव्हे, बातमी कानावर पडल्याच्या क्षणी. देवळाच्या गुरवाने परवा पायरीवर बसून, तंबाखू मळत, हा निवाडा दिला. ‘कानार पडाक व्हया. कानार पडलाच नाय तर सुवेर खंयचा?’ भावकीने माना डोलावल्या. मला तर घरच्या माणसाची गाठ पडल्यासारखे झाले. मी छत्तीस वर्षे मुंबईत एका विमा कचेरीत आवक-जावक टेबलावर काढली आहेत. माझा शिक्का बसून वहीत नंबर पडेपर्यंत कुठलेही पत्र आलेले नसे. पाठवणारा माणूस ते हातात धरून माझ्यासमोर उभा असला तरी नसे. साहेबांना एखादे पत्र नको असले की ते दोन दिवस माझ्या खणात राहायचे, आणि त्या दोन दिवसांत त्या पत्रातले पूर, आगी, अपघात काहीएक घडलेले नसायचे. लोक याला सरकारी खाक्या म्हणून नावे ठेवतात. गुरवाचे ऐकले तेव्हा कळले की हे शास्त्र माझ्या गावातूनच तिकडे गेलेले असणार.

काल रात्रीपासून बाराही घरांत फोन बंद आहेत, किंवा बंद आहेत असे बाबली सांगतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना तंबी आहे. मला घरात बसवत नाही, म्हणून सकाळपासून मी बागेत. बाग म्हणजे परसातले आठ वाफे: लाल भाजी, मिरची, वाली, भेंडी, गडग्याला लागून पडवळाचा मांडव, आणि विहिरीजवळ एक वाफा शेपूचा. निवृत्त होऊन गावाला आलो त्याला दोन वर्षे झाली. पहिल्या वर्षी मी पुस्तकात वाचून लावणी केली आणि आख्खी वाडी संध्याकाळी फिरायला म्हणून माझी बाग बघून जायची. यंदा बरे आहे. या दिवसांत काजूच्या बोंडांचा आंबूस वास सगळ्या परसात भरलेला असतो आणि आंब्याखाली लहान लहान कैऱ्या गळून पडलेल्या असतात. त्या वासात माणूस विचार करत नाही, नुसता खुरपत राहतो. पण आज खुरप्यालाही कान फुटले होते. शेजारी कोणाचा टीव्ही लागला, की मी थबकायचो. रस्त्यावरून रिक्षा गेली, की ती थांबते की काय म्हणून श्वास धरायचो. शेपूची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही करून ठेवू नये म्हणतात, झबले शिवू नये, पाळणा आणू नये. पण बाळंतिणीला शेपू लागते आणि शेपूला वर यायला महिना लागतो, हे हिशेब कोणी जुळवायचे? मी चार मुठी बी टाकले आणि कोणी विचारले तर मलाच फार आवडते असे सांगत राहिलो. मला शेपूच्या वासाने मळमळते.

मिरचीच्या वाफ्यात बुजगावणे आहे. त्याच्या अंगात माझा निवृत्तीच्या दिवसाचा सफारी आहे, खिशाला पेनाच्या डागासकट. त्याच्यासमोर उभा राहून मी गेले पंधरा दिवस गाऱ्हाण्याचा सराव करतो. गाऱ्हाणे घालणे सोपे वाटते. मानकरी देवाला हाक मारून एकेक मागणे मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतो. पण ते न अडखळता, एका दमात, पोटातून आले पाहिजे. माझे वडील घालायचे तेव्हा दोनशे माणसांच्या आवाजाने मांडावरची कोंबडी उडायची. माझी जीभ छत्तीस वर्षे वेगळ्या वळणाने गेलेली. सुरुवात ठीक व्हायची: ‘बा देवा म्हाराजा! आज शिमग्याच्या दिसाक तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत!’ आणि मग कुठूनतरी तोंडातून निघायचे, ‘तरी सदर लेकरांच्या अडचणी विचारात घेऊन योग्य ती कार्यवाही कर रे म्हाराजा!’ बाबली एकदा गडग्यापलीकडून हे ऐकत उभा होता. हसून हसून तो खालीच बसला. ‘दादा, देवाक गाऱ्हाणा घालतस काय अर्ज करतस?’ मी त्या वेळी रागावलो, पण रात्री झोप आली नाही. गावात मला अजून ‘मुंबैचो सहदेव’ म्हणतात. दुकानात माझ्याशी मराठी बोलतात, म्हणजे कचेरीतल्यासारखे. आपल्याच गावात आपल्याशी कोणी शुद्ध बोलले की माणसाला किती परके वाटते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. एकदा त्या मांडावर उभा राहून मी हाक दिली आणि गावाने हुंकार दिला, की संपले सगळे, असे मला वाटत होते. मला ते हवे होते, फार हवे होते. खोटे कशाला बोलू.

साडेदहाच्या सुमाराला बाबलीची बायको शेवंती चहा आणि घावणे घेऊन आली. एरवी ती पुढच्या दाराने हाका मारत येते, आज मागून आली, पावले न वाजवता. घावणे चार होते. मी एरवी दोन खातो हे तिला ठाऊक आहे. ‘खावा भावजीनू, पोटभर खावा,’ असे ती जमिनीकडे बघत म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघायचे नाही असे ठरवले आणि मिरचीकडे बघत राहिलो. मग ती विहिरीकडे वळली आणि एकदम तिचा आवाज फुटला, ‘अगो बाय, शेपू तर अगदी काढूक इली!’ लगेच तिने पदर तोंडावर धरला. ‘म्हणजे अशीच. खावक. आमकाच,’ म्हणाली आणि कप तिथेच टाकून पळाली. मी घावणा हातात धरून उभा. शेपू काढायला आली, यात बातमी काय आहे? शेपू खरोखरच वीतभर वाढली होती. कोणीही बाई म्हणाली असती. पण कोणीही बाई पदर तोंडावर धरून पळाली नसती. बरे, पळाली ती हसू लपवायला की रडू? मागून बघताना खांदे हलत होते एवढेच दिसले, आणि हसताना नि रडताना बाईमाणसाचे खांदे सारखेच हलतात. हे मी बासष्ट वर्षांत कधी लक्षात घेतले नव्हते.

इथे पहिल्यांदा मला वेगळीच शंका आली. तोपर्यंत मी धरून चाललो होतो की जी काय बातमी असेल ती चांगलीच असेल आणि तिला संध्याकाळपर्यंत अंगणात बसवून ठेवायचे आहे, लवकर आलेल्या पाहुण्यासारखे. आता ध्यानात आले की वाईट बातमी असती तरी बाबलीने हेच केले असते. सुवेर काय नि सुतक काय, मान दोन्हींत जातो. लोकांनी तोंड चुकवायचे ते दोन्हींत तसेच चुकवायचे. चार घावणेसुद्धा दोन्हींत आले असते. वाईट बातमी सांगण्याआधी माणसाला नीट खायला घालायची आमच्याकडे पद्धतच आहे. प्राजक्ता परवा फोनवर बोलली होती. ‘बाबा, तुम्ही तुमचं गाऱ्हाणं घाला निवांत. बाळ तोपर्यंत थांबेल, मी सांगितलंय त्याला.’ पुण्याची मुलगी, तिला सुवेर म्हणजे काय ते गुरुप्रसादने नकाशा काढल्यासारखे समजावून सांगितले होते, आणि तिने ते हसण्यावारी नेले नव्हते. तिचा आवाज दमलेला होता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘थँक्यू.’ सुनेला थँक्यू! जशी काही तिने माझी रजा मंजूर केली.

घावणा कावळ्यांना टाकला. तेवढ्यात लुईस आला. लुईस माझा शेजारी, हायस्कूलातून निवृत्त झालेला शिक्षक, त्याच्या आणि माझ्या परसाच्या मध्ये एकच चिऱ्यांचा गडगा आहे. त्याच्या माणसांत सुवेर नाही, म्हणून सकाळपासून मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच होती. तो गडग्यावर दोन्ही हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, ‘सहदेव, मी तुका काय्येक सांगूक येवक नाय हां.’

‘मगे कित्याक इलंस?’

‘मिरच्यो बघूक.’ त्याने मिरच्यांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. माझ्या मिरच्या बोकड्या रोगाने गेलेल्या आहेत, हे त्यानेच मला गेल्या रविवारी सांगितले होते. ‘बऱ्यो आसत,’ तो म्हणाला.

मी खुरपे चालवत राहिलो. तो हलेना. शेवटी म्हणाला, ‘बाबलीन माका दम दिल्यान. माझ्या बायलेक पण दिल्यान. म्हणता, शब्द काढलास तर शिमग्याचो नाच तुमच्या दारात येवचो नाय. मी गप आसंय. पण सहदेव, तुका खराच आयकाचा नाय?’

‘सांज जावंदे.’

‘बरा,’ तो म्हणाला. ‘सांज जावंदे.’ आणि निघून गेला. मी त्याच्या ‘बरा’चे तुकडे करकरून बघितले. त्यात थोडी कीव होती. कीव कोणाची, माझी की आणखी कोणाची?

गुरुप्रसाद झाला तेव्हाची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, विनीताला तर नाहीच. ती बाळंतपणाला माहेरी, कट्ट्याला आली होती आणि मी मुंबईत टेबलावर. त्या आठवड्यात आमच्याकडे तपासणी होती. टपालाचा ढीग पडलेला, साहेब डोक्यावर उभे. शिपायाने तारांचा गठ्ठा आणून टाकला. कचेरीत येणारी तार म्हणजे कोणीतरी गेल्याची तार, हे इतके ठरलेले की मी ती न उघडता शिक्का मारून मृत्युदावे विभागाकडे पाठवत असे. त्या दिवशी अशा अकरा मारल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातली एक परत आली. वरती लाल शाईत शेरा: ‘मयताचे नाव नमूद नाही. या विभागाशी संबंधित नाही.’ मी उघडली. मुलगा झाला, दोघे सुखरूप, एवढेच आत. मेव्हण्याने घरचा पत्ता सोडून कचेरीचा घातला होता, लवकर मिळावी म्हणून. खाली माझाच शिक्का, माझीच सही, दोन दिवसांपूर्वीची तारीख. मी दोन दिवस बाप होतो आणि त्या दोन दिवसांत मी खानावळीतल्या आमटीत मीठ जास्त आहे म्हणून भांडलो होतो, एक सिनेमा बघितला होता. विनीताला सांगितले की तार उशिरा आली. ती अजून कट्ट्याच्या पोस्टाला नावे ठेवते, पेन्शन आणायला गेली तरी काउंटरवरच्या त्या बिचाऱ्या मुलीकडे रागाने बघते. ते पोस्ट निर्दोष आहे. मी खुरपे टाकले आणि स्वयंपाकघरात गेलो. पाटा उचलून बाजूला ठेवला, झाकण काढले आणि तांदळात हात घातला. कोपरापर्यंत गेला. तांदूळ गार होते. हाताला काही लागले नाही. दोन्ही हात घातले, खांद्यापर्यंत. फोन नव्हता.

‘खंय शोधतस दादा?’ बाबली दारात उभा होता. आंघोळ करून, नवे धोतर नेसून आलेला. ‘मी काढून नेलंय. तुझो भरवसो नाय.’ मी तांदळातून हात काढले. पांढरे झाले होते. त्याला म्हणालो, ‘बाबली, एक सांग. वायट आसा काय?’  बाबली पन्नाशीचा आहे, मांडावर ढोल त्याचा, होळीचे खोड खांद्यावर घेणाऱ्यांत पुढचा खांदा त्याचा. वर्षभर मासे विकणारा हा माणूस शिमग्याचे पाच दिवसच खरा जगतो. सुवेर लागले असते तर त्याचा ढोलही गेला असता. तो म्हणाला, ‘माका काय म्हायत? माझो फोन बंद आसा.’ आणि वळून गेला. जाताना त्याच्या धोतराच्या कनवटीला माझा फोन थरथरत होता, हे मला स्वच्छ दिसले. बाबलीने पोट आत घेतले आणि चालत राहिला.

चारला होळी उभी राहिली. आंब्याचे तीस हाती खोड, शेंड्याला पानांचा झुपका, बुंध्याला गवताचे वेढे. साठ माणसांनी आरोळ्या देत ते वरच्या मळ्यातून आणले आणि खड्ड्यात उभे केले. मी धोतर नेसून, टोपी घालून, हातात नारळ धरून उभा. सगळा गाव माझ्याकडे बघत होता आणि मी बघितले की नजर काढून घेत होता. नवरीकडेही कोणी इतके चोरून बघत नसतील. वरच्या वाडीची माणसे पिंपळाच्या पाराशी, त्यांच्यात महादू, काखेत टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी. त्या वस्तूचा आकार नारळाचा होता. आशावादी माणूस. लुईस मांडाच्या बाहेर गडग्यावर बसलेला. गुरवाने मला पुढे केले, बाबलीने ढोलावर एक थाप दिली आणि गप्प झाले सगळे.

‘बा देवा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ दोनशे गळे. पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली आणि माझा आवाज कुठून निघाला कळले नाही, वडिलांचा निघाला. ‘आज शिमग्याच्या दिसाक तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंचो सांभाळ कर रे म्हाराजा!’ ‘व्हय म्हाराजा!’ सदर नाही, कार्यवाही नाही. शेत मागितले, पाऊसपाणी मागितले, गुरांची राखण मागितली, दर्यावर गेलेल्यांचे घरी येणे मागितले. प्रत्येक मागण्याला गाव गरजत होता. म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. पंधरा दिवस मी बुजगावण्यासमोर ज्याच्यासाठी घसा फोडला होता ते हेच, आणि ते माझ्या स्वप्नापेक्षाही बरे होत होते. मग यादीतले पुढचे आले. ‘जी कोण लेकुरवाळी आसत, जी कोण आडलेली आसत...’ इथे ‘तेंका मोकळी कर’ म्हणायचे आणि पुढे जायचे. मला म्हणता येईना. मोकळी झाली की नाही हे इथल्या दोनशे माणसांना ठाऊक होते, होळीच्या खोडावरच्या मुंग्यांनासुद्धा ठाऊक असेल, आणि मी देवाला अंदाजाने काहीबाही मागत होतो. ती दमलेल्या आवाजाची मुलगी बाळाला थांब म्हणाली होती, माझ्यासाठी. माझ्या तोंडून निघाले, ‘माझी सून थय पुण्याक आसा, ती सुखरूप आसा काय रे म्हाराजा?’

गाऱ्हाण्यात मागायचे असते, विचारायचे नसते. पण गावाला सवय. दोनशे गळ्यांनी एका दमात उत्तर दिले, ‘व्हय म्हाराजा!’

आणि लगेच सगळे चरकले. मीही. हे उत्तर होते की नुसती सवय? मी देवाच्या साक्षीने उभा होतो, नारळ हातात, आणि मला या गर्जनेवर विश्वास ठेवता येत नव्हता. पाऊस मागितला तेव्हाही त्यांनी असेच म्हटले होते. म्हणून मी आणखी मोठ्याने विचारले, अशा रीतीने की सवयीने उत्तर देता येणार नाही. ‘झील झालो काय चेडू झाला रे म्हाराजा?’

‘व्हय म्हा...’ करून गाव अडकला. पुढच्या रांगेतले दोघेतिघे खोकले. गुरवाने डोळे मिटून घेतले. कोणीतरी पोर फिसकन हसले आणि त्याला धपाटा बसल्याचा आवाज आला. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितले, आता चुकवायला कोणाला जागा नव्हती. ‘सांगा रे कोण तरी,’ मी म्हणालो. ‘माका आयकाचा आसा.’

ढोल खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाबली होता. ‘चेडू, दादा!’ तो ओरडला आणि त्याचा आवाज मध्येच फाटला. ‘सकाळी धा वाजता झाला. दोगाय बरी आसत! वयनीन बाराय घरांका फोन केल्यान, कोणाचोय बंद नव्हतो!’

म्हणजे मला नात झाली होती, आणि बाराही घरांना सकाळी दहापासून सुवेर होते. त्याच सुवेरातल्या खांद्यांनी होळी आणली होती आणि सुवेरातल्याच हाताने ढोल वाजला होता. गुरवाने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितले, बाबलीकडे बघितले, देवळाकडे बघितले. मग तो म्हणाला की कोणाकोणाच्या कानावर कधी पडले ते देव आणि ते बघून घेतील, पण मांडावर मोठ्याने सांगितलेले आत्ताच पडले. ‘सहदेवा, बाजूक हो.’ मी नारळ देवाच्या नावाने खाली ठेवला. माझ्यामागून बारा घरे निघाली, म्हातारे, बायका, कडेवरची पोरे, आणि सगळ्यांच्या शेवटी बाबली, ढोलाकडे मागे वळून बघत. आम्ही गडगा ओलांडून रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. मला वाटले बाबली मला मारील. त्याने माझी टोपी सरळ केली. ‘मगाशीच विचारूक व्हया होतंस,’ म्हणाला. ‘माझा पोट फुगला होता.’

महादू पुढे आला. टॉवेल सोडला, आतून नारळ काढला. तीन पिढ्यांनी वाट बघितलेला मान आता त्याच्या हातात होता. त्याने घसा खाकरला आणि मी सोडले होते तिथूनच उचलले. ‘बा देवा म्हाराजा! सहदेवाच्या घरात आज चेडू जलमाक इला. सुवेर तेंका लागला, आमका नाय, म्हणान तेंच्यातर्फे मी बोलतंय. तेका उदंड आयुष्य दी रे म्हाराजा! तेच्या आवशीक ताकद दी रे म्हाराजा!’ उरलेल्या गावाने, म्हणजे निम्म्या गावाने, दिलेला हुंकार मघाच्या सगळ्या गावापेक्षा मोठा होता, निदान मला तसा वाटला. रस्त्यावरून आम्हाला काही म्हणायची बंदी होती. शेवंती माझ्या शेजारी पदर तोंडावर धरून रडत होती आणि या वेळी मला कळले की ती हसतेही आहे.

बाबलीने कनवटीचा फोन काढून माझ्या हातात दिला. गरम झाला होता. मी लावला, पहिल्याच घंटेला उचलला गेला. ‘सोळा फोन केलंय सकाळपासून!’ विनीता म्हणाली. ‘कुत्र्यामांजराक कळला, तुमकाच नाय. गाऱ्हाणा झाला?’

‘अर्धा,’ मी म्हणालो. ‘उरलेला महादू घालता. प्राजक्ता कशी आसा?’

‘निजली. बरी आसा. प्रेशर उतारला.’ मग तिचा आवाज मऊ झाला. ‘थांबा, चेडवाच्या कानाक लावतंय फोन. बोला काय तरी.’

पलीकडे कापडाची सळसळ झाली आणि मग श्वास ऐकू येऊ लागला, लहान, जलद, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. मागे मांडावर गाव गरजत होता. मी दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.  देवाशी बोलायची तयारी केली होती, हिच्याशी बोलायची नव्हती. ‘सांग गो बाय,’ मी म्हणालो. ‘मी आयकतंय.’

तिचा श्वास तेवढा येत राहिला. मी फोन कानाला लावून रस्त्यात उभा राहिलो, आणि बाकीची भावकी माझ्या भोवती कान देऊन उभी राहिली.